नेमंडच्या उद्धटपणाला बक्षीस मिळालं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर लगेच कळेल. 'द वायर' या अमेरिकी मालिकेचा चौथा सीझन बघून तुमच्या मित्रांमध्ये जुंपली आहे. बाल्टिमोरच्या त्या शाळेतल्या चार पोरांपैकी वर्गात सगळ्यात वाईट वागतो तो नेमंड. शिव्या देतो, शिक्षकांना उलटून बोलतो, ड्युकीच्या कपड्यांवरून त्याला छळतो. आणि शेवटी चांगलं घर मिळतं ते त्यालाच. ड्युकी, रँडी आणि मायकल तिघांचंही वाटोळं होतं. मग मालिकेने उद्धटपणाला बक्षीस दिलं का? आणि शिक्षकाने नेमंडला आधीच वर्गातून काढलं असतं, तर बाकीच्यांचं तरी भलं झालं नसतं का? तुम्ही स्वतः बी.एड. करताय, म्हणून एखाद्या जुन्या शिक्षकाचं मत हवंय, असंही तुम्ही लिहिलंय.

मी नाशिकला महापालिकेच्या शाळेत २६ वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी सातवी-आठवीला. ही मालिका मी निवृत्त झाल्यावर पाहिली. चौथा सीझन दोनदा पाहिला. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी पुढे वाचू नये, सगळा शेवट यात येणार आहे.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकत्र झालेत. नेमंड तसा का वागतो आणि त्याच्याशी कसं वागावं, हा एक. शेवटी तोच का वाचला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शिक्षकाच्या हातात थोडंफार असतं. दुसऱ्याचं जवळजवळ नसतंच. वाद विकोपाला जातात ते या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे.

आधी वागणुकीचं बघू. हा सीझन २००६ सालचा, तेरा भागांचा. त्यामागे मालिकेचा कर्ता डेव्हिड सायमन याच्याबरोबर एड बर्न्स हे गृहस्थ आहेत. बर्न्स बाल्टिमोर पोलिसांत वीस वर्षं होते आणि नंतर सात वर्षं त्याच शहरातल्या सरकारी शाळेत शिकवत होते. वर्गातली दृश्यं म्हणूनच इतकी खरी उतरली आहेत. बाकाखालचं च्युइंगम खरवडून काढणारा तो नवा गणिताचा मास्तर प्रेझ बघितला आणि मला माझा पहिला जून आठवला.

नेमंड कधी गडबड करतो ते नीट बघा. समोर प्रेक्षक असले की करतो. त्याचा बाप वी-बे खुनांच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय आणि त्या वस्तीत त्या बापाचं नाव मोठं आहे. टोळीकडून घरी येणारे पैसे बंद झाले तशी आई डेलोंडा पोराला म्हणते, आता तू कोपऱ्यावर उभा राहा, ड्रग्जचा माल विक, बापासारखा हो. पोराला नवे कपडे, नवे बूट सगळं मिळतं. पण ज्या कामासाठी हे चाललंय ते काम त्याला जमत नाही. तो भित्रा आहे. आपण भित्रे आहोत हे त्याला माहीत आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून दिवसभर त्याचा आवाज चढलेला असतो. ज्या पोराला कोपरा खरोखर जमणार आहे तो मायकल. आणि मायकल वर्गात फारसा बोलतच नाही.

दुसरी गोष्ट, नेमंडला निलंबन हवं असतं. हे बघताना मी टीव्ही थांबवला. निलंबन म्हणजे घरी बसणं, घरी बसणं म्हणजे दिवसभर धंद्याला मोकळं, आणि वर पोरांत भाव. गडबड करणाऱ्या पोरांसाठी वेगळ्या काढलेल्या छोट्या वर्गात तो नेहमीचा डाव टाकतो, शिव्या देतो, आणि त्याला कळतं की इथे कुणाला निलंबित करतच नाहीत. त्याचा चेहरा पडतो. शिक्षा टळली म्हणून पोराचा चेहरा पडलेला बघणं ही बाहेरच्या माणसाला गंमत वाटेल, मला अजिबात वाटली नाही.

कारण माझ्या वर्गात असा एक होता. आठवीत. कॅटलॉगच्या, म्हणजे हजेरीबुकाच्या मागे मी शेरे लिहून ठेवायचे, त्यात निम्मे शेरे त्याचेच. बाक वाजवणं, पुढच्या मुलीच्या वेणीला रबर अडकवणं, मला ऐकू जाईल अशा बेताने शिवी हासडणं. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला मी वैतागून म्हणायचे, "जा, दप्तर घे आणि घरी जा, उद्या आईला घेऊन ये." तो जायचा. आई कधी आली नाही. एकदा पर्यवेक्षकांना दाखवायला म्हणून मी शेरे तारखेनुसार उतरवून काढले, तर त्यातले बहुतेक बुधवारचे निघाले. नाशिककरांना बुधवार म्हटलं की कळेल. गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, बुधवारचा बाजार भरतो. पुढच्या बुधवारी त्याला हाकललं आणि शाळा सुटल्यावर मी मुद्दाम बाजारात गेले. पोतं अंथरून आई बसली होती, समोर मेथी आणि कोथिंबिरीच्या जुड्या. हा शेजारी उकिडवा बसून प्लास्टिकच्या बाटलीने जुड्यांवर पाणी मारत होता. बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. मांडीवर दोन-अडीच वर्षांची बहीण झोपलेली. मला बघून त्याने मान खाली घातली. मी दोन जुड्या घेतल्या. त्याने नोटा मोजून सुटे पैसे परत दिले, बरोबर दिले, आणि "बाई" एवढंच म्हणाला.

त्याला सुट्टी मागता आली नसती का? आली असती. पण सुट्टी मागायची म्हणजे सगळ्या वर्गादेखत सांगायचं की आईला भाजी विकायला माणूस नाही. हाकलून दिलं की तोच मुलगा मागच्या बाकावरचा हिरो होऊन बाहेर पडायचा. मी दर बुधवारी त्याला तो मान स्वतःच्या हाताने देत होते.

यावर मी काय केलं ते साधं होतं. मुख्याध्यापिकांशी बोलून बुधवारी मधल्या सुट्टीनंतर त्याला चिठ्ठी देऊन सोडायचं ठरवलं, आणि बुडालेले तास शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर भरून काढायचे. तो सुधारला असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी त्याने प्रयोगशाळेची काच फोडली आणि खोटं बोलला. पण बुधवारचे शेरे बंद झाले आणि त्यानंतर त्याच्या वागण्याबद्दल त्याच्याशी बोलता येऊ लागलं. आधी तो दाराबाहेरच असायचा, बोलणार कुणाशी?

तेव्हा नेमंडला वर्गातून काढावं का, याला माझं उत्तर असं, की काढल्याने त्याला काय मिळतंय ते आधी शोधा. जे हवंय तेच मिळत असेल तर ती शिक्षा नव्हे. मालिकेत त्या वेगळ्या वर्गावर काम करणारा बनी कोल्विन हा निवृत्त पोलीस अधिकारी नेमकं हेच ओळखतो. या पोरांसाठी शाळा म्हणजे कोपऱ्यावरच्या आयुष्याचा सराव आहे, असं तो सांगतो. मास्तर हा पोलिसाच्या जागी. त्याला किती ताणायचं, कधी पळायचं, पकडलं गेल्यावर कसं उभं राहायचं, ते इथे शिकून घ्यायचं. पोलिसात आयुष्य गेलेल्या माणसाच्या ते लक्षात येतं, शिक्षकांच्या येत नाही, हे मला जिव्हारी लागलं.

आता तुमच्या मित्राच्या बाजूने बोलते, कारण त्याचंही खरं आहे. नेमंडच्या वागण्याचं कारण समजलं म्हणून ड्युकीला झालेला त्रास कमी होत नाही. अंगाला वास येतो म्हणून चिडवलं जाणारं ते पोर रोज त्याच वर्गात बसतं. आणि नेमंडसकट दहा जणांना वेगळ्या खोलीत नेल्यावर प्रेझचा वर्ग शांत होतो, फाशांवरून आणि पत्त्यांवरून तो संभाव्यता शिकवू लागतो, पोरं शिकू लागतात. हे मालिका लपवत नाही. वर्गातल्या चाळीस जणांचा तास एका पोराने खाल्ला तर त्या चाळीस पालकांना मी काय तोंड दाखवणार? हा प्रश्न मी रोज घरी घेऊन जायचे. त्यामुळे वेगळं बसवण्याच्या मी विरोधात नाही. मात्र त्या वेगळ्या खोलीत कोण बसलंय, त्याला पोराचं नाव माहीत आहे का आणि परत येण्याची वाट ठरली आहे का, यावर सगळं अवलंबून. आपल्याकडे 'ढ तुकडी' नावाचा प्रकार पुष्कळ शाळांनी चालवला आहे. त्या तुकडीला सगळ्यात नवखा शिक्षक आणि सगळ्यात गळकी खोली मिळायची. तसं वेगळं बसवणं म्हणजे नुसता अडगळीत टाकण्याचा कार्यक्रम.

परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं, हेही सांगायला हवं. त्याच सीझनमध्ये लेटिशा नावाची मुलगी भर वर्गात दुसरीच्या चेहऱ्यावर पात्याने वार करते. तिथे 'कारण समजून घेऊ' म्हणत बसता येत नाही. आधी जखमी मुलगी, मग हत्यार, मग बाकीची मुलं, आणि त्यानंतर ती. शिव्या, उलटून बोलणं, बाक वाजवणं हा एक प्रांत. शरीराला इजा हा दुसरा. वर्गात पंचवीस मुलं आहेत की साठ, तुमच्या मजल्यावर मदतीला धावून येणारा दुसरा मोठा माणूस आहे की नाही, मुख्याध्यापक पाठीशी उभे राहतात की 'तुमचं तुम्ही बघा' म्हणतात, यावरही बरंच ठरतं. आणि आपल्याकडे कायदाही बघायला लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. प्रत्यक्षात काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका शाळेत पालकांनाच बोलावून 'तुम्हीच दाखला काढून न्या, तुमच्या मुलाचं भलं होईल' असं गळी उतरवलं जायचं. कागदावर शाळेने कुणालाच काढलेलं नसायचं.

त्या वेगळ्या वर्गात फरक पडला कशाने, तेही बघा, कारण तुमच्या उपयोगाचा भाग तोच आहे. कोपऱ्यावर चांगलं काम करणारा पोरगा कसा असावा, असा विषय कोल्विन चर्चेला घेतो. आणि जी पोरं तोंड उघडायची ती फक्त शिवी द्यायला, ती हात वर करून बोलू लागतात. कुणावर विश्वास ठेवायचा, हिशोब कसा ठेवायचा, हाताखालच्या पोराने माल चोरला तर काय करायचं. नेमंड तर मोठ्या माणसांच्या जगावरच बोट ठेवतो. एन्रॉनचा घोटाळा, दारू, सिगारेट, खेळाडूंची उत्तेजकं. तुम्हीही तेच करता, मग जनावरं आम्हीच कशी? तुम्ही याला उद्धटपणा म्हणाल की युक्तिवाद? शब्द तसेच कडक आहेत, पण आता पोरगा मुद्दा मांडतोय. आवाज बंद करून टाकला असता तर हा मुद्दाही आत राहिला असता. पुढे पाचव्या सीझनमध्ये तो वक्तृत्वाच्या स्पर्धेत आफ्रिकेतल्या एड्सवर बोलताना दिसतो. ते तोंड तेच आहे.

त्या वेगळ्या वर्गातली एक स्पर्धा जिंकली म्हणून कोल्विन तिघांना महागड्या हॉटेलात नेतो, तेही दृश्य पुन्हा बघा. जाताना बढाया चाललेल्या. मेनू कार्ड हातात पडतं, वेट्रेस पदार्थांची नावं सांगू लागते, आणि तिघेही गप्प. काय मागायचं, कसं मागायचं, कळत नाही. परतीच्या वाटेवर ती चिडलेली असतात. एखाद्या नव्या शिक्षकाला वाटेल, एवढं चांगलं खायला घातलं तरी मिजास बघा. ती लाज आहे. पोरांची लाज फार वेळा रागाचे कपडे घालून समोर येते. भाषणाला उभं केल्यावर फळ्याला लाथ मारणारी मुलं मी पाहिली आहेत, ती याच जातीची.

तर इथवर मी म्हणतेय ते एवढंच: नेमंडचं वागणं चुकीचं आहे, दुसऱ्यांना त्याचा त्रास होतो, ते थांबवायलाच हवं; पण बाहेर काढून ते थांबत नव्हतं, उलट पोसलं जात होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तोच का वाचला?

वाईट वागला म्हणून कोल्विनचं लक्ष त्याच्याकडे गेलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. वेगळ्या वर्गात गेला म्हणून कोल्विन भेटला. ड्युकी चांगला वागला म्हणून प्रेझच्या वर्गात राहिला. पण नुसत्या भेटण्याने काही झालं नसतं. पुढची साखळी बघा. कार्व्हर हा सार्जंट नेमंडला पकडतो, आई गावाबाहेर अटलांटिक सिटीला गेलेली. किशोर कोठडीच्या नावानेच पोरगा पांढरा पडतो, आणि कोल्विन त्याला रात्रीपुरता स्वतःच्या घरी नेतो. वर्गात आकाशपाताळ एक करणारा मुलगा त्या घरात सभ्यपणे राहतो. दुसऱ्या दिवशी आई चिडते ती कशावर? पोराला कोठडीत का नाही टाकलं यावर. मग पुढे बॉक्सिंगच्या जिममध्ये मायकलचा मार खाऊन नेमंड ढसाढसा रडतो, मला घरी जाता येणार नाही म्हणतो. बापासारखा होणं आपल्याला जमत नाही हे तो पहिल्यांदा तोंडाने कबूल करतो, आणि तेही एका पोलिसासमोर. आणि सगळ्यात शेवटी कोल्विन तुरुंगात जाऊन वी-बेकडे पोरगा मागतो. जन्मठेपेचा तो कैदी 'हो' म्हणतो आणि बायकोलाही ऐकायला लावतो.

यातल्या एकाही कडीचा संबंध वर्गातल्या चांगल्या-वाईट वागण्याशी नाही. एक पेन्शनवरचं, भरल्या मनाचं घर. सोडून देण्याचा अधिकार असलेला आणि सोडायला तयार झालेला बाप. रँडीला पालनपोषण करणारी चांगली बाई होती. पोलिसांच्या हलगर्जीपणामुळे तिचं घर पेटवलं गेलं आणि तो अनाथगृहात गेला. मायकलने धाकट्या भावाला बापापासून वाचवण्यासाठी स्वतःला विकलं. ड्युकीच्या घरचे तर त्याचे कपडेही विकून नशा करणारे, एक दिवस घरातून बाहेर काढले गेलेले. त्याच्यासाठी परवानगी मागायला जाणार तरी कुणाकडे? प्रेझ त्याचे कपडे शाळेत धुऊन देतो, डबा देतो. मग वर्षाच्या मध्येच ड्युकीला वरच्या शाळेत चढवतात. पोरगा नव्या शाळेच्या दारापर्यंत जातो, बघतो, आणि मागे वळतो.

म्हणून 'बक्षीस' हा शब्द मला पटत नाही. बक्षीस द्यायचं तर देणाऱ्याकडे चार असावी लागतात. इथे एकच घर होतं.

पण तुमच्या रागात जी खरी गोष्ट आहे ती मी टाळणार नाही, कारण ती माझ्यावरही आहे. आरडाओरडा करणारं पोर शिक्षकाला दिसतं, गप्प पोर दिसत नाही. लेटिशाच्या त्या हल्ल्यानंतर सगळा वर्ग सैरभैर झालेला असताना ड्युकी काय करतो आठवतंय? तिच्याजवळ जाऊन बसतो आणि हातातला छोटासा पंखा तिच्या चेहऱ्यासमोर धरतो. काही बोलत नाही. अख्ख्या सीझनमधली मला सगळ्यात मोठी वाटलेली कृती आहे ती, आणि शाळेच्या कुठल्याही कागदावर तिची नोंद होत नाही.

बुधवारच्या त्या मुलाच्या वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, वह्यांना कव्हरं, कधी एक शब्द जास्तीचा नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. घर बदललं म्हणाले, मग कुणी सांगितलं लग्न ठरलं, मग तेही सांगणारं कुणी उरलं नाही. मी कॅटलॉग काढून बसले. त्या मुलाचे शेरे दीड पान भरून होते. तिच्या नावापुढे नुसत्या हजेरीच्या खुणा, एकाखाली एक, दिवाळीपर्यंत. तिच्या घरी कोण आहे, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

तुम्ही बी.एड.ला आहात, पाठ घ्यायला शाळेत जाल, तेव्हा एक करून बघा. वर्ग संपला की वहीत त्या दिवशी ज्यांची नावं तुमच्या तोंडात आली ती लिहा. आठवड्याने पटाशी ताडून बघा. जी नावं एकदाही आली नाहीत त्यांच्यापासून सोमवारची सुरुवात करा, काही नाही तर फळा पुसायला बोलवा आणि पुसता पुसता घरी कोण कोण असतं ते विचारा. मी हे शेवटची सात वर्षं केलं. आधीची एकोणीस वर्षं केलं नव्हतं.